मेणगल्लीतला बसका आवाज

४ मार्च, सोमवार

आज इस्पितळात शेवटची तपासणी झाली. डॉक्टर भला माणूस आहे, आडवळणाने सांगत नाही. म्हणाला, "शिगेतोमि-सान, गळ्यातली गाठ गेली, ती काही परत यायची नाही. पण आवाज आहे तो असाच राहील. वापरत राहा, म्हणजे निदान गंजणार तरी नाही."

दोन वर्षं मी आशेवर होते. आता ती कटकट मिटली. येताना बाजारातून ही वही घेतली. बोलायचं ते इथे लिहीन. कागदाला आवाज लागत नाही.

संध्याकाळी जेवताना यांनी सूप संपवलं, वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, "मी गाईड मंडळात नाव घातलंय."

"कसल्या मंडळात?"

"गाईड. बाहेरून माणसं येतात ना, त्यांना गाव दाखवायचं."

मला ठसका लागला. अडतीस वर्षं हा माणूस नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होता. जमिनीखालच्या नळांशी काय बोलला असेल तेवढंच. आमच्या लग्नात आभार मानायला उभे राहिले तेव्हा "पाऊस थांबला. आभारी आहे," एवढं म्हणून खाली बसले. नातेवाईक अजून ते सांगून हसतात.

"जमेल तुम्हाला?"

"नाही जमलं तर काढून टाकतील," म्हणाले, आणि लोणच्यातली मुळ्याची शेवटची फोड उचलली.

१० मार्च, रविवार

मंडळाचा पहिला वर्ग झाला. यांनी एक जाडसर पुस्तिका आणली आहे. मी भांडी विसळत होते, हे मागे बसून मोठ्याने घोकत होते. "गडाचा दगडी तट तिसऱ्या सुएनागा सरदाराने बांधला."

मी हात पुसून वळले. "दुसऱ्याने."

"तिसऱ्याने असेल."

"अहो, तिसरा सतराव्या वर्षी देवीने गेला. तो काय तट बांधतो? दुसऱ्याने बांधला. बावीस वर्षं लागली, आणि तट पुरा होण्याआधी आठ दिवस तो वारला."

"असं होय," म्हणाले. "पुढे?"

पुढचंही मीच सांगितलं. मला ते येतं यात नवल नाही. लग्नाआधी आणि आमची मुलगी मिहो होईपर्यंत नऊ वर्षं मी इथल्या बसकंपनीत गाईड होते. पांढरे हातमोजे, निळी टोपी, ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून दिवसातून दोनदा उसुगावाचा इतिहास सांगायचा आणि घाटातल्या बोगद्यात गाणं म्हणायचं. लोक म्हणत, चिझुरुचा आवाज शेवटच्या बाकावरच्या झोपलेल्या म्हाताऱ्यालाही उठवतो.

आता मासेवाला दर खेपेला विचारतो, "सर्दी झाली का?" पहिल्यांदा सांगितलं, ऑपरेशन झालं. त्याने तोंड इतकं दुःखी केलं की पुढच्या खेपेपासून "हो, सर्दी," म्हणायला लागले. मग मासे आणायला यांनाच पाठवू लागले. मग भाजीला. मग टपालकचेरीत.

१९ मार्च, मंगळवार

यांचं पाठांतर होत नाही. मेणगल्ली कुठे सुरू होते, हेही चुकीचं सांगतात. ज्या गल्लीतले नळ यांनी स्वतः तीनदा बदलले, ती गल्ली.

शेवटी मीच बसून अकरा पानं लिहून काढली. गड, सरदारांचं देऊळ, मेणगल्ली, कालवा, सोया सॉसचा कारखाना. यांच्या हातात दिली तर चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावर होता.

"तुझं अक्षर लागत नाही मला. वाचून दाखव."

चाळीस वर्षं माझ्या अक्षरातली बाजाराची यादी बरी लागते. पण वाचून दाखवलं. पंधरा मिनिटं. घशात वाळू भरल्यासारखं झालं. संपल्यावर म्हणाले, "मधलं समजलं नाही. परत वाच."

तीनदा वाचायला लावलं. असा मंद विद्यार्थी कोणाच्या नशिबी येऊ नये.

६ एप्रिल, शनिवार

आज यांची पहिली फेरी होती. गडावर चेरी पुरती फुललेली, ओकायामाहून आलेली सात माणसं. मला घरी बसवेना. टोपी, मास्क, वीस पावलं अंतर, असं करून मी मागोमाग गेले. फुलं बघायला येणाऱ्या गर्दीत कोण ओळखतंय.

गडावर निभलं. म्हणजे हे काही बोललेच नाहीत, फुलांकडे हात केला आणि लोक फुलं बघत राहिले. देवळात म्हणाले, "हे देऊळ. जुनं आहे." मग मेणगल्लीत आले, सरळ दातांच्या डॉक्टरच्या घरासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा सर्वात मोठ्या मेण-व्यापाऱ्याचा वाडा."

त्या घराला ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. लोक खिडक्यांचे फोटो काढायला लागले.

मी कधी पुढे गेले कळलं नाही. मास्क खाली ओढला आणि म्हटलं, "माफ करा, तो वाडा पलीकडचा. पांढऱ्या भिंतीचा."

माझाच आवाज मला करवतीसारखा लागला. सातही जण वळले. एक म्हातारी बाई, बहुतेक कानाने कमी असावी, थेट माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काय म्हणालात? सांगा ना."

मग सांगितलं. एकशे नव्वद वर्षांपूर्वी या गल्लीला आग लागली. घराघरांत मेणाच्या राशी, त्यामुळे आग तीन दिवस विझेना. वितळलेलं मेण रस्त्यावरून वाहत कालव्यात गेलं आणि चौथ्या दिवशी पहाटे कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झालेला. पाण्यावर थंड झालेलं मेण तरंगत होतं. लोकांनी ते सुपांनी गोळा केलं आणि त्याच्याच मेणबत्त्या करून आगीत गेलेल्यांसाठी लावल्या. त्यानंतर इथल्या भिंतींना चुन्याचा जाड थर आला, आणि प्रत्येक दारासमोर पाणी.

सगळे अगदी जवळ आले होते. लांबून ऐकूच येत नसणार. बसमध्ये कधी कोणी इतक्या जवळून माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

हे भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं, चारचौघांत चूक दाखवली म्हणून रागावले असतील. पण येताना यांनी भाजलेल्या चेस्टनटचा पुडा घेतला आणि सगळा मलाच दिला. लाज वाटली असणार बिचाऱ्यांना.

७ एप्रिल, रविवार

घसा दुखतोय. पण खूप दिवसांनी गवत कापल्यावर दंड दुखतात तसा.

१६ एप्रिल, मंगळवार

नागामिने-सान घरी आल्या. गाईड मंडळाच्या प्रमुख, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजून सगळ्या गावाला चौथीच्या वर्गात समजतात. जोडे काढता काढताच सुरू झाल्या.

"शिगेतोमि-सान, स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या यजमानांइतका वाईट गाईड मी अकरा वर्षांत पाहिला नाही."

हे शेजारीच बसून चहा ओतत होते. मान हलवली, जणू हवामानाबद्दल चाललंय.

"मागच्या रविवारी त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की देवळामागची कबर सरदाराच्या घोड्याची आहे."

"कुत्र्याची," मी म्हटलं.

"सरदाराच्या बायकोची," त्या म्हणाल्या.

"अहो, बायकोची पुढे आहे. मागची छोटी कुत्र्याची. पाटीवर चुकीचं लिहिलंय, मी बसकंपनीत असतानाच कळवलं होतं."

नागामिने-सान माझ्याकडे बघत राहिल्या. मग यांच्याकडे. मग म्हणाल्या, "हे बघा. एकतर मी यांना मंडळातून काढते. नाहीतर कोणीतरी यांच्याबरोबर राहून चुका सुधारायच्या. माझ्याकडे माणूस नाही."

हे इतके शांत बसले होते की मला भरून आलं. निवृत्तीनंतर माणसाने हौसेने काही धरलं आणि तिथूनही काढून टाकलं तर कसं वाटेल? मी म्हटलं, "मी जाईन बरोबर. फक्त चुका सुधारायला. बोलणार हेच."

"अर्थात," नागामिने-सान म्हणाल्या. जाताना काकडीचं लोणचं ठेवून गेल्या. मीठ जास्त आहे.

१२ मे, रविवार

पाच फेऱ्या झाल्या. "बोलणार हेच" हे पहिल्या फेरीत दहा मिनिटं टिकलं. आता हे सुरुवातीला "नमस्कार, शिगेतोमि" म्हणतात आणि मग छत्री आणि पाण्याच्या बाटल्या धरून मागे उभे राहतात.

आज ओसाकाहून एक जोडपं आलं होतं. गडाच्या पायथ्यापासून भांडत होते, नकाशा कोणी घरी विसरला यावर. वर तटावर मी दुसऱ्या सरदाराची गोष्ट सांगितली, की बावीस वर्षं तो रोज एक दगड स्वतः हाताने ठेवायचा आणि त्याची बायको रोज खालून ओरडायची की वाकडा ठेवलाय. नवरा म्हणाला, "ऐक." बायको म्हणाली, "ती बरोबरच असणार." उतरताना एकाच बाटलीतून पाणी पीत होते.

यांना विचारलं, "मजा येते ना तुम्हाला?"

"येते."

"मग थोडं पाठ का करत नाही?"

"करतोय," म्हणाले. पण लक्षण दिसत नाही.

२५ मे, शनिवार

लिहू नये असं वाटतं, पण लिहिते.

आज अठरा जणांचा गट होता, एका कंपनीतले निवृत्त लोक, दुपारच्या जेवणाबरोबर पिऊन आलेले. मेणगल्लीत मी आगीची गोष्ट सांगत होते. मागून एक लालबुंद गृहस्थ म्हणाले, "बाई, घशात कोंबडा अडकलाय का? दुसरं कोणी नाही वाटतं गावात?"

फार कोणी हसलं नाही. तिघेचौघेच. पण माझं वाक्य मध्येच तुटलं आणि पुढचं येईना. इतिहास सगळा डोक्यात होता, तोंडातून फक्त हवा निघाली. मी वाकून नमस्कार केला आणि कालव्याच्या कडेने घरी निघून आले.

हे दीड तासाने आले. मान लाल झालेली, उन्हामुळे असेल. भात लावला, मासे भाजले, करपवले.

३ जून, सोमवार

मी जात नाही. हे एकटे जातात. "चल" म्हणत नाहीत, ते बरंच आहे.

नागामिने-सान दारावरून जाता जाता थांबल्या. म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर यजमानांनी उरलेली फेरी एकट्याने पुरी केली. पाऊण तास, एकही चूक नाही. आणि शेवटी त्या लालबुंद माणसाला तटाच्या सर्वात उंच पायरीपर्यंत नेऊन तिथे त्याला दम लागेस्तोवर इतिहास सांगितला.

रागात माणसाला आठवतं, तसं झालं असणार.

दारातल्या कुंडीत काकड्या लावल्या. एक गोगलगाय खाऊन गेली.

२० जून, गुरुवार

आज भलतंच काही सापडलं.

कपाटातल्या गाद्यांना वास येतो म्हणून सगळं बाहेर काढलं. मागे यांच्या कामावरच्या वह्या होत्या. हिरव्या कव्हराच्या, सात. मला वाटलं नळांचे आकडे असतील. उघडून पाहिलं तर गल्लीगल्लीचं चित्र, रुळाने काढल्यासारखं, पाणी कुठून येतं कुठे जातं, आणि शेजारी बारीक अक्षरात: "दुसऱ्या सुएनागा सरदाराच्या काळातला तट, याच्या पोटातून दगडी पाट जातो." "मेणगल्ली इथपासून. आगीनंतर कालवा दोन हात रुंद केला." "देवळामागे छोटी कबर, कुत्र्याची. चिझुरु म्हणते."

शेवटची ओळ मी पुन्हा वाचली. चोवीस वर्षांपूर्वीची तारीख.

म्हणजे यांना हे सगळं येत होतं. सगळं. आणि आता दुसरा की तिसरा, हेही आठवत नाही. यांच्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आधी नावं गेली, मग रस्ते.

मिहोला हिरोशिमाला फोन केला. सांगताना माझा आवाज आणखीच फुटला. पलीकडून आधी काही ऐकू येईना, मग कळलं, ती हसतेय. बापाच्या आजारपणावर हसणारी मुलगी मीच वाढवली. मग म्हणाली, "आई, डॉक्टरकडे ने त्यांना. खरंच ने. मला सांग काय म्हणतात ते."

९ जुलै, मंगळवार

स्मरणशक्तीची तपासणी झाली. यांना यायचं नव्हतं, मी रोज बोलून बोलून भंडावून सोडलं. जवळजवळ तीन आठवडे घरात माझ्याशिवाय कोणाचा आवाज नव्हता.

डॉक्टरने तारीख विचारली, उलट आकडे म्हणायला सांगितलं, घड्याळ काढायला लावलं. तीसपैकी तीस. डॉक्टर म्हणाला, माझ्या कंपाउंडरला अठ्ठावीस मिळाले होते.

"मग गावचा इतिहास का विसरतात?" मी विचारलं. "सरदार विसरतात, गल्ल्या विसरतात. आणि मी बरोबर असले की जास्तच."

डॉक्टरने यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते, अगदी मन लावून.

"बाई बरोबर असल्या की जास्त," डॉक्टर सावकाश म्हणाला. "असं होतं कधीकधी. यावर गोळी नाही. तुम्ही सोबत राहा, तेवढंच औषध."

म्हणजे घाबरतात. लोकांसमोर उभं राहिलं की डोकं रिकामं होतं. हे मला सुचायला हवं होतं, मलाही तेच झालं होतं त्या दिवशी. फरक एवढाच की हे तरीही दर आठवड्याला जातात. ते लाजिरवाणं वाटलं मला.

शनिवारपासून जाईन. कोणी कोंबडा म्हटलं तर म्हणो.

८ सप्टेंबर, रविवार

उन्हाळ्यात लिहायला फुरसत मिळाली नाही. ऑगस्टमधल्या कंदिलांच्या उत्सवात एका दिवसात चार फेऱ्या केल्या. मासेवाल्याला सांगून टाकलं, सर्दी नाही, हाच आवाज. म्हणाला, "बरं. बांगडा ताजा आहे." इतकंच होतं ते.

आज नागामिने-सान एक पत्र घेऊन आल्या. हिरोशिमाहून अंधांचं एक मंडळ येणार आहे, अकरा जण आणि सोबतचे सहा. ऑक्टोबरमध्ये.

"तुम्ही करायची ही फेरी."

मी सरळ नाही म्हटलं. ज्यांना दिसत नाही त्यांना गाव म्हणजे सगळा आवाजच. आणि तोच माझा असा.

"मग मी करू?" नागामिने-सान म्हणाल्या. "माझी कवळी सैल झालीय. 'सुएनागा' म्हटलं की शिट्टी वाजते. तास दीड तास शिट्ट्या ऐकवू त्यांना?"

"इतर आहेत."

"इतर म्हणजे तुमचे यजमान. ते त्यांना नदीत नेतील."

हे म्हणाले, "नेईन."

मग काय करणार.

५ ऑक्टोबर, शनिवार

महिनाभर अकरा पानांची झाडाझडती घेतली. प्रत्येक पानावर "इथे दिसतं ते", "समोर पाहा". नऊ वर्षं बसमधून मी फक्त बोट दाखवत होते की काय?

शेवटी यांनीच सुचवलं. आज सकाळी माझ्या डोळ्यांना पंचा बांधला, कोपराला धरलं आणि घराबाहेर काढलं. गल्लीतले लोक बघत असतील. मला दिसत नव्हते, त्यामुळे बरं वाटलं.

साठ वर्षं मी या गावात राहते. कारखान्याचा वास कोपऱ्यावरून नव्हे, पार पुलापासून येतो, हे मला माहीत नव्हतं. मेणवाल्याच्या वाड्याची भिंत सावलीतही कोमट असते. तटाचे खालचे दगड गुळगुळीत आणि वरचे खरखरीत, कारण खालच्यांना चारशे वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात लागलेत. एके ठिकाणी यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "खाली वाक. ऐक."

पायाखालच्या फरशीतून पाणी वाजत होतं. लांबून कोणी हळू बोलत असावं तसं.

"हे काय?"

"तटाच्या पोटातला पाट. अजून वाहतोय. मी रोज इथे थांबायचो, कामावर असताना."

"कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मलाही सांगता येत नाही. तू सांग त्यांना."

दोनदा ठेचकाळले. एकदा हेच ठेचकाळले, डोळे उघडे असून.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दहाला बस आली. अकरा जण काठ्या टेकत उतरले. मी म्हटलं, "उसुगावाला आपलं स्वागत. मी शिगेतोमि. माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, आवाज असाच आहे. ऐकू आलं नाही तर सांगा."

हे आधीच सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. पुढे एक उंच गृहस्थ होते, तोकुहिसा-सान, वय सत्तरच्या पुढे, पूर्वी त्यांचं चटयांचं दुकान होतं. ते म्हणाले, "बाई, वसंतात आम्ही दुसऱ्या एका गावाला गेलो होतो. तिथली गाईड बुलबुलासारखी बोलायची. पण चौकात चार गाईड होत्या आणि चारही बुलबुल. आम्ही पाच जण भलत्याच बुलबुलामागे गेलो आणि बसस्टँडवर पोहोचलो."

सगळे हसायला लागले.

"तुमच्यामागे मात्र चुकायची सोय नाही," ते म्हणाले. "बोला."

मी बोलले. शनिवार असल्यामुळे मेणगल्लीत आणखी दोन गट होते, त्यांच्या गाईडकडे लाऊडस्पीकर होते. आमच्यातलं कोणी हललं नाही. त्यांनी भिंत हाताने पाहिली. वाड्यातल्या बाईंनी कच्चं मेण दिलं होतं, ते बोटांत दाबून हुंगलं. आगीची गोष्ट सांगितली तेव्हा एका बाईने विचारलं, "पाण्यावरचं मेण बोटाने दाबलं तर मोडत होतं की वाकत होतं?" हजारो वेळा सांगितलेली गोष्ट, मला कधी हा प्रश्न पडला नाही. म्हटलं, "माहीत नाही. घरी जाऊन करून बघते आणि तुम्हाला कळवते." तिने पत्ता दिला.

तटापाशी सगळ्यांना वाकून फरशीला कान लावायला सांगितलं. सतरा माणसं रस्त्यावर गुडघे टेकून. एक पोलीस सायकलवरून उतरला आणि टोपी काढून तोही वाकला.

तोकुहिसा-सानांनी विचारलं, "हे पाणी येतं कुठून?"

मला नेमकं ठाऊक नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता "डोंगरातून" म्हणून मोकळे होतील. पण यांनी छत्री खाली ठेवली आणि सांगायला लागले. दुसऱ्या सरदाराने वरच्या दरीत बांध घातला तिथपासून. दगडी पाटाचा उतार शंभर हातांना बोटभर. आगीत हा पाट तीन दिवस गढूळ झाला नाही. भूकंपानंतर यांनी स्वतः आत रांगत जाऊन पाहिलं, दोन दगड सरकले होते, तेच दोन. सतरा मिनिटं बोलले, मी घड्याळ पाहिलं. एकदाही अडखळले नाहीत. तारखासुद्धा बरोबर.

आता मला उलगडा झाला. समोर बघणारे डोळे नव्हते, म्हणून भीती वाटली नाही.

बसमध्ये चढताना तोकुहिसा-सानांनी माझा हात धरला. "या आवाजात तुमचं गाव माझ्याजवळ राहील," म्हणाले. मी नुसती वाकले. मग लक्षात आलं, त्यांना ते दिसणार नाही, म्हणून म्हटलं, "मी वाकलेय बरं का."

"कळलं," ते म्हणाले. "आवाज खालून आला."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मेण पातेल्यात वितळवून गार पाण्यावर ओतलं. आधी वाकतं, मग मोडतं. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना कळवलं. पातेलं बाद झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या परीक्षेत पास झाले. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन गुण कुत्र्याच्या कबरीचे गेले. पाटी बदलायचा अर्ज मी आजच दिला.

बिल्ला लावून घरी आले तर नागामिने-सान आमच्या बैठकीत, आणि त्यांच्यासमोर यांचा राजीनामा.

मला फार वाईट वाटलं. "अहो, आत्ता कुठे जमायला लागलं होतं. त्या दिवशी पाण्याबद्दल काय सुंदर बोललात. इतकी मेहनत घेतली मी तुमच्यावर."

"घेतलीस," म्हणाले.

"मग?"

"घसा बसतो माझा."

नागामिने-सानांना कशाचं इतकं हसू आलं कोण जाणे. हसता हसता कवळी सावरावी लागली. मग यांना म्हणाल्या, "शिगेतोमि-सान, तुमचं काम झालं ना?"

"झालं," हे म्हणाले.

"कसलं काम?" मी विचारलं. दोघंही चहा प्यायला लागले. मी पुन्हा विचारणार होते, पण यांनी जाताना नागामिने-सानांना इतकं खाली वाकून नमस्कार केला की माझा प्रश्न तसाच राहिला. चाळीस वर्षांत हे कोणापुढे इतके वाकलेले मी पाहिले नाहीत.

उद्या दहा वाजता मात्सुएहून नऊ जण येणार आहेत. मी नोंदणीचे कागद लावत होते. हे शेजारी येऊन बसले.

"दहावा चालेल का?"

"नाव नोंदवावं लागेल. सगळ्यांसारखं."

यांनी कोरा फॉर्म ओढला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि ठळक अक्षरात भरायला लागले. नाव, वय, गाव. "उसुगावात विशेष काय पाहू इच्छिता?" या रकान्यापाशी थोडे थांबले. मग लिहिलं: "पाहायचं काही नाही. ऐकायचं आहे."

मी म्हटलं, "असं लिहू नका, नागामिने-सान हे सगळं वाचतात."

"वाचू दे."

खोडायला पेन उचललं होतं. मग तसंच ठेवलं, आणि खाली गाईड म्हणून माझा शिक्का मारला.